बरे झालेल्यांचं टेबल

गोळीवाल्या ताईंना माणसं आवडत नसत, आणि काम मात्र असं की रोज सकाळी बावीस माणसांच्या तोंडात डोकावावं लागे.

टीबीच्या रोग्याच्या घरी जायचं. त्याच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या. त्याने त्या आपल्यासमोर गिळल्या की तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची, गालांच्या आत बघायचं, कार्डावर पेन्सिलीने खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं. असं सहा महिने. रविवारी दवाखाना बंद, म्हणून रविवारची गोळी शनिवारीच हातात द्यायची आणि रोग्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा. रविवारचा हा भरवसा ताईंच्या मते दवाखान्याचा सगळ्यात मोठा मूर्खपणा होता. त्यांच्या हुद्द्याला दवाखान्याने एक लांबलचक नाव दिलं होतं, पण ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक गोळीवाल्या ताईच म्हणत, आणि गल्लीतली पोरं त्या लांबून दिसल्या की 'आऽऽ' करून तोंड वासत. ताई थांबून नीट आत बघत आणि म्हणत, "दाढ किडलीय तुझी. आईला सांग." पोरगं तोंड मिटून घरी जाई.

एकोणीस वर्षांत माणूस गोळी कुठे कुठे लपवतो ते सगळं त्यांनी पाहून घेतलं होतं. जिभेखाली, गालात, बाहीच्या दुमडीत. एका वकिलाने तर खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करून रुमालात थुंकली होती आणि वर कायद्याची भाषा केली होती. ताईंनी रुमाल उघडला, गोळी पाण्याने विसळली आणि त्याच्यापुढे धरली. तेव्हापासून शिकलेल्या माणसाबद्दल त्यांचं मत अशिक्षितापेक्षाही वाईट झालं. रोग्याकडे न बघता फक्त कागदाकडे बघणाऱ्या डॉक्टरला त्या 'सही' म्हणत. 'सही आज उशिरा आली', 'सही जेवायला गेली'. तोंडावर म्हणत नसत, पण त्यालाही माहीत होतं.

त्या ख्रिस्ती होत्या, आणि नावापुरत्या नव्हत्या. दर रविवारी प्रार्थनागृहात तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसत. डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांचा त्यांना संशय येई, म्हणून त्या डोळे उघडे ठेवून प्रार्थना करीत. प्रभूबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्याच्या माणसांबद्दल मात्र होती, आणि ती यादी पाळकांपासून सुरू होई. पाळक गोड बोलत, भरभर बोलत आणि ज्याच्याशी बोलत त्याच्या खांद्यामागे कोणी मोठं माणूस येतंय का ते बघत.

त्या वर्षी ताईंच्या बावीस रोग्यांत एक त्यांचा धाकटा भाऊ होता.

भाऊ बाइंडर होता. छापखान्यामागच्या लांबट खोलीत उभं राहून छापील कागदांना घड्या घालायच्या, टाके मारायचे, पुठ्ठ्याला सरस लावायचा, जाड कापडाची पाठ चिकटवायची. बोटांची टोकं सरसाने कायम कडक झालेली. त्याला खोकला लागला, वजन उतरलं, एके दिवशी कोऱ्या घडीवर लाल थेंब पडला, आणि तपासणीत टीबी निघाला. भावजय नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली. ती वाईट बाई नव्हती. 'तू म्हणशील त्या दिवशी परत येते,' असं दारातून सांगून, रडून गेली. भाऊ एकटा राहिला. सकाळी ताई येत, गोळ्या देत, तोंड बघत आणि जात. शेजाऱ्यांना वाटे, बहीण आहे म्हणून दोन मिनिटं बसत असेल. ताई बसत नसत. बसलं की रोगी कुरकुर सुरू करतो, हा अनुभव होता.

आणखी एक गोष्ट ताई करीत, आणि ती त्यांच्या वहीतही नव्हती, दवाखान्याच्या नियमातही नव्हती. दोन महिने झाले की रोग्याची थुंकी पुन्हा तपासतात. बहुतेकांची तेव्हा स्वच्छ येते. म्हणजे आता हा माणूस खोकला तरी दुसऱ्याला रोग देणार नाही. पण छातीत जंतू दडून असतातच, म्हणून उरलेले चार महिने गोळ्या घ्याव्याच लागतात. मधेच सोडल्या तर रोग उलटतो, आणि उलटलेला रोग त्या गोळ्यांना मग जुमानत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ट्रक ड्रायव्हरला ताईंनी आनंदाने सांगितलं होतं, "तुमचा रिपोर्ट स्वच्छ आला." तो छान हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून गायब झाला. वर्षाने त्याला स्ट्रेचरवरून आणला तेव्हा त्याच्यात हसण्याएवढाही श्वास नव्हता. त्यानंतर ताईंनी स्वच्छ रिपोर्ट कोणाला सांगितला नाही. कागद पिशवीत ठेवून द्यायचा, आणि कोणी विचारलं तर म्हणायचं, "अजून नाही. सहा महिने." घाबरलेला माणूस गोळी गिळतो, यावर त्यांची बायबलइतकीच श्रद्धा होती.

भावाचा रिपोर्ट स्वच्छ येऊन सात आठवडे झाले होते.

अशात पाहुणे आले.

परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या मंडळीने त्यांना दहा दिवसांच्या मिशन ट्रिपवर पाठवलं होतं. नऊ जण, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, पाठीवर कबुतर. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची आणि शुभवर्तमान सांगायचं, हा कार्यक्रम. त्यांचा पुढारी आपल्या गावी घरांची छपरं बसवून द्यायचा धंदा करी आणि प्रत्येकाशी आपण आत्ताच त्याचं छप्पर बसवलंय अशा आपुलकीने बोले. तो एक वाक्य बोलला की पाळक भाषांतर करताना त्याची तीन करीत. सगळ्यांकडे छापील कार्डं होती. प्रार्थना झाली की आजाऱ्याला विचारायचं, कसं वाटतंय, आणि तीनपैकी एका चौकोनात फुली मारायची: बरा, थोडा बरा, वाट पाहत आहे. निळ्या शर्टांतली नऊ तोंडं आशेने आपल्याकडे बघत असताना 'काही फरक नाही' म्हणायला निगरगट्टपणा लागतो. तो सगळ्यांकडे नसतो. पहिल्याच दिवशी सव्वीस बरे झाले.

"दवाखान्यात एकोणीस वर्षांत एका दिवशी इतके बरे झाले नाहीत," ताई पाळकांना म्हणाल्या. "आम्ही उगाच औषधं वाटत बसलो."

"ताई, तुमचा स्वभाव," पाळक म्हणाले. "देवाच्या कामात सुई घेऊन उभ्या राहू नका."

पाहुण्यांत एक म्हातारी होती. निवृत्त शिक्षिका, पाय सुजलेले, ऊन सोसत नाही म्हणून टोपीखाली ओला रुमाल. ती ताईंच्या डोळ्यांत सगळ्यांत जास्त खुपली, कारण ती प्रत्येक घरी रडे. दारात पाऊल ठेवायच्या आधीच डोळे भरून येत. ज्या घरात टीबीचा रोगी आहे तिथेही तोंडाला काही न बांधता जाई, पलंगावरच बसे आणि रोग्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवी. ताईंच्या भावाकडे ती अर्धा तास बसली. ताई दुसऱ्या दिवशी गेल्या तेव्हा तो दाढी करून बसला होता.

"काल ते लोक आले होते," तो म्हणाला.

"कळलं. तोंड उघड."

रविवारी संध्याकाळी साक्षीची सभा झाली, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने सगळ्यांपुढे सांगायचं. साक्ष नुसती ऐकू येऊन भागणार नव्हतं, दिसायलाही हवी होती, कारण पाहुण्यांना फोटो काढायचे होते. म्हणून पाळकांनी युक्ती काढली. व्यासपीठापुढे पांढरी चादर घातलेलं टेबल मांडलं आणि जाहीर केलं, ज्या ज्या वस्तूची आता आपल्याला गरज उरलेली नाही ती विश्वासाने इथे आणून ठेवावी. या वस्तू पाहुणे खोक्यात भरून मायदेशी नेणार होते, ज्यांनी त्यांच्या प्रवासाची सोय केली त्या मंडळीला दाखवायला. टाळ्यांच्या गजरात लोक पुढे आले. एक कुबडी आली. चार चष्मे आले. गुडघ्याचा पट्टा, दम्याचा पंप, कानाचं यंत्र. एका आजोबांनी भावनेच्या भरात कवळी काढून ठेवली. तिला कुठल्या रोगापासून मुक्ती मिळाली ते कोणी विचारलं नाही. कानाचं यंत्र ठेवलेल्या बाईंना पुढारी पाच मिनिटं काहीतरी सांगत होता, आणि त्या जन्मात कधी हसल्या नसतील अशा प्रसन्न हसत होत्या.

मग भाऊ उठला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. तो पुढे गेला आणि त्याने टेबलावर एक गोळ्यांची पट्टी ठेवली. त्या पट्टीच्या कोपऱ्यावर ताईंच्या पेन्सिलीची खूण होती. रविवारची गोळी.

"मी बरा झालोय," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज छापखान्यातल्या माणसाचा, थोडा मोठाच. "माझी बायको आणि मुलगी आता घरी येतील."

लोकांनी स्तुतीचं गाणं धरलं. तिसऱ्या रांगेत ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण उठून ओरडण्याइतकी त्यांची मंडळीवर माया नव्हती. भावाची खबर सकाळी घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं, कारण सकाळी काम होतं आणि कामात त्यांना कोणी हरवत नसे.

सकाळी भावाने दार अर्धंच उघडलं.

"नको, ताई. मी बरा झालोय."

"कोण म्हणतं? तो छपरं बसवणारा?"

"खोकला आहे का मला? वजन बघ. ताप नाही. आज संध्याकाळी तिला फोन करून बोलावतो. उद्या येतील दोघी."

"अरे गाढवा, रोग आत आहे अजून! आत्ता सोडलंस तर दोन-तीन महिन्यांत उलटेल, आणि मग या गोळ्या लागू पडणार नाहीत. आणि तेव्हा पोरगी तुझ्या कुशीत झोपलेली असेल. कळतंय का?"

"तू कायम हेच म्हणतेस," तो म्हणाला आणि त्याने शांतपणे दार लावलं. दार आपटलं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं. आपटणाऱ्याला वळवता येतं.

ताई तडक प्रार्थनागृहाकडे निघाल्या. पाहुणे दुपारी जाणार होते, त्याआधी त्या पुढाऱ्याला मानगुटीला धरून भावाच्या दारात उभा करायचा आणि शब्द परत घ्यायला लावायचे, असा बेत होता. प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर बघतात तर काय, रांग लागलेली. काल बरे झालेले सगळे हजर. चष्मेवाल्यांपैकी दोघं एकमेकांचा हात धरून पायऱ्या चाचपत होते. आजोबा तोंडावर उपरणं घेऊन उभे. कुबडीवाला भिंतीला टेकून एका पायावर.

"काय हो, विश्वास उडाला?" ताईंनी विचारलं.

"विश्वास आहे," एक चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "पण आज बँकेत काम आहे."

खोकं बांधून कपाटात कुलूपबंद झालं होतं आणि किल्ली पाळकांच्या खिशात होती. ताईंना या सगळ्यांची इतकी किळस आली की क्षणभर त्या का आल्या तेच विसरल्या. या लोकांना प्रभूने खरंच बरं केलं असतं तरी हे दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिले असते, असं त्यांना वाटलं, आणि तसं त्या मोठ्याने बोलल्याही.

मागच्या खोलीत पाहुण्यांची न्याहारी चालू होती. नऊही जणांपुढे ताटलीशेजारी औषधांची डबी होती, सात दिवसांचे सात कप्पे असलेली. रक्तदाब, साखर, पोट, डासांच्या तापाची खबरदारी. पुढाऱ्याने ताईंच्या देखत तीन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि वर रस प्यायला. ताई दारातच उभ्या राहिल्या. गोळी खाली गेली की नाही हे त्यांना सवयीने कळलं. गेली होती.

"यांना विचारा," त्या पाळकांना म्हणाल्या, "यांच्यासाठी अजून कोणी प्रार्थना केली नाही का? की प्रभू यांना फक्त आमच्या गल्लीत भेटतो?"

पाळकांनी यातलं काय सांगितलं कोण जाणे. पुढारी गंभीर झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, आम्ही कधीही कोणाला औषध सोडायला सांगत नाही, आमच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. "मग टेबल कोणी मांडलं?" ताईंनी विचारलं. पुढाऱ्याने पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी घड्याळाकडे. गाडी आली होती, सामान चढवायचं होतं, आणि भावाच्या घरी जायला पुढाऱ्याकडे वेळ नव्हता. जाताना आपण भावासाठी प्रार्थना करू, असं त्याने कळवलं. गाडीतून.

ताई वळल्या तेवढ्यात ती म्हातारी उठून आली. डोळे अर्थातच भरलेले. तिने ताईंचा हात धरायला हात पुढे केला. ताईंनी पिशवी आडवी धरली. म्हातारी पाळकांकडे बघून काहीतरी बोलली. पाळक जरा घुटमळले.

"ह्या म्हणतात, तुमच्या भावाने खोकल्यासाठी प्रार्थना मागितलीच नाही. बायको-मुलगी घरी यावी, एवढंच मागितलं. अर्धा तास तेवढंच बोलत होता. त्या विचारतात, तुम्ही दवाखान्यातल्या आहात, तर त्या दोघी कधी येऊ शकतील? म्हणजे त्या तशी प्रार्थना चालू ठेवतील."

ताईंच्या तोंडाशी ठरलेलं उत्तर आलं. अजून नाही, सहा महिने. आजवर ते उत्तर त्यांनी शंभर जणांना दिलं होतं आणि त्यांना काही वाटलं नव्हतं. पण समोरची बावळट बाई ते उत्तर तसंच्या तसं देवापुढे नेणार होती. ते उत्तर गिळून ताई बाहेर पडल्या. रांगेतल्या कोणीतरी हाक मारली तरी थांबल्या नाहीत. रस्ताभर त्या म्हातारीला शिव्या देत होत्या. प्रत्येक शिवी थोडं अंतर म्हातारीमागे जाई आणि मग परत फिरे.

भावाने दार उघडलं तेव्हा ताई न विचारता आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. त्याला ते इतकं नवीन होतं की तो उभाच राहिला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुझी थुंकी स्वच्छ आलीय. तुझ्यापासून पोरीला काही होणार नाही. बोलाव त्यांना. पण रोग गेलेला नाही, आत आहे. अजून दोन महिने आणि थोडे दिवस गोळ्या घ्याव्या लागतील. दोन्ही खरं आहे."

"म्हणजे त्यांची प्रार्थना..."

"त्यांचा काही संबंध नाही."

"मग स्वच्छ कधी आली?"

ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. घड्या घालायचंच काम करणारा माणूस तो. कागद किती दिवस घडीत आहे हे त्याला तारीख वाचायच्या आधीच कळलं असावं.

"सात आठवडे," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू गोळ्या सोडल्या असत्यास. सगळे सोडतात."

"मी विचारलं होतं तुला. तीनदा."

"हो."

"सात आठवड्यांत ती चालायला लागली, ताई." तो ओरडला नाही. ओरडला असता तर ताईंकडे उत्तर होतं. "फोन जमिनीवर ठेवून तिच्या आईने मला तिच्या पावलांचा आवाज ऐकवला. मी इथे बसून ऐकला. तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलीस, मी तुला ते सांगायला लागलो, आणि तू म्हणालीस, आधी गोळी."

ताईंना ते आठवलं. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता, पुढे सोळा घरं होती. आपण इतकी वर्षं ज्यांना कमी लेखत आलो ती सगळी माणसं एका बाजूला, आणि आपलं हे वागणं एका बाजूला, आणि हे त्यांच्यापेक्षा हलकं निघालं. ताईंना स्वतःची लाज वाटली. ती त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते कळेना.

भावाने हात पुढे केला. ताईंनी गोळ्या ठेवल्या. तो आत गेला, पाण्याचा ग्लास घेऊन आला, गोळ्या घेतल्या आणि ग्लास खाली ठेवला.

"एकही चुकवणार नाही," तो म्हणाला. "तिच्यासाठी घेईन. पण उद्यापासून तू येऊ नकोस. दवाखान्यातून दुसरं कोणीतरी पाठव."

त्या दाराबाहेर पडल्या तेव्हा तो फोनवर बायकोला गाडीची वेळ विचारत होता. हसत होता.

दुपारी ताईंनी दवाखान्यात जाऊन रोगी दुसऱ्याकडे सोपवण्याचा फॉर्म घेतला. कारणाच्या रकान्यात तीन पर्याय छापलेले होते: स्थलांतर, मृत्यू, रोग्याची तक्रार. एकोणीस वर्षांत ताईंनी तिसऱ्यावर कधी खूण केली नव्हती, आणि दवाखान्यातल्या ज्या दुसऱ्या गोळीवाल्यांच्या फॉर्मवर ती असे त्यांच्याशी त्या धड बोलतही नसत. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, कंपाउंडरकडून पेन मागून घेतलं आणि खूण केली.

कंपाउंडरने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तुमच्याविरुद्ध तक्रार? कोणाची?"

"भावाची," ताई म्हणाल्या. "खरी आहे."